चादरीचं दुसरं टोक

मोठ्या चादरीची घडी एकट्यानं करता येत नाही. करणारे करतात, पण ती घडी नसते, गुंडाळी असते. आमच्या लाँड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर पडली की दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं. एक झटका द्यायचा, काठाला काठ जोडायचा, चालत जवळ यायचं, आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची, मग पुन्हा मागं जायचं. दिवसभर हेच. रोलरचा आवाज इतका की बोललेलं ऐकू यायचं नाही. काय सांगायचं ते चादरीच्या ताणातून सांगायचं.

माझ्या समोरची टोकं जिच्या हातात होती तिला सगळे कांजीबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ते चिकटलं, कारण कांजी घातलेल्या कपड्यासारखी बाई कुठं वाकायची नाही. सडपातळ, ताठ, नाकावर माशी बसू न देणारी. मुकादमसुद्धा तिच्याशी बोलताना टोपी नीट करायचा.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाली, "ही ओढणारी दिसतेय. मला धरणारी हवी."

"दोन्ही एकच की," मी म्हणाले.

"एक कसं? ओढणारीला वाटतं, चादर माझी. सैल सोडणारीला वाटतं, चादर हिची. धरणारीला माहीत असतं, चादर गिऱ्हाइकाची आहे."

मला राग आला. संध्याकाळपर्यंत कळलं की ती म्हणते ते खरं आहे. राग मात्र राहिला. आमचं जमायला बराच काळ गेला आणि जमलं म्हणजे गळ्यात गळे पडले असं नाही. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही. "ए दुसऱ्या टोका," म्हणायची. आजही तसंच म्हणते.

तिचं सगळंच चांगलं होतं असं मी लिहिणार नाही. ओल्या चादरींचा गाडा ढकलायची वेळ आली की हिची कंबर दुखायची. घडीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही आणि गाड्याला स्वतः हात लावायची नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथं सांगायला हरकत नाही.

तिचा नवरा लाँड्रीचीच गाडी चालवायचा. माणूस गोड, कामाला बेताचा. मुलं लहान असताना गेला. मागं राहिल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, अर्ध्या त्याच्या नावावर, अर्ध्या कर्जाच्या. त्या हिनं पूर्ण स्वतःच्या केल्या. दिवसा लाँड्री आणि संध्याकाळी खिडकीखाली टेबल टाकून गल्लीतल्या लोकांचे कपडे इस्त्री करायची. त्या खिडकीतून खाली सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं. गॅलरी इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागतं. मागं सरायचं ते नेहमी दुसरं माणूस, ही नव्हे. गॅलरीत वाळत घालायच्या दोऱ्या तिनं स्वतः बांधलेल्या, शिडीवर चढून, पातळी बघून. त्या कधी झोळ देत नसत.

मुलगा शिकला, ऑफिसात लागला, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. दोघांचंही आईवर प्रेम. त्यात खोट नव्हती. मुलगी फोनवर रडायची आणि मुलगा फोनवर घाईत असायचा, एवढंच. सुनेशी मात्र कांजीबाईचं पहिल्या दिवसापासून वाजलं. सून शाळेत मुलांना खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी आणि बोलणंही शिट्टीसारखंच. एकदा हिनं सुनेला सांगितलं, "नवऱ्याचे शर्ट जरा नीट इस्त्री करत जा." सून म्हणाली, "हात त्यांनाही दोन आहेत, आई. तुम्हीच दिलेले." त्यानंतर दोघी बराच काळ कामापुरतंच बोलल्या.

आम्ही दोघी लाँड्रीतून निवृत्त झालो आणि काही वर्षांनी कांजीबाई गॅलरीत पडली. कपडे पिळलेलं पाणी फरशीवर होतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं.

इस्पितळात तिच्या खाटेला एक पडदा होता. पडद्यापलीकडं जे बोललं जातं ते पडद्याअलीकडं ऐकू येत नाही, असं नातेवाइकांना का वाटतं ते मला कळत नाही. मुलगा, मुलगी आणि सून पलीकडं उभी होती. आम्ही दोघी अलीकडं होतो.

"आता एकटं ठेवायचं नाही," मुलगा म्हणाला. "खोल्या विकून टाकू. सहा महिने आमच्याकडं, सहा महिने तुझ्याकडं."

"माझी आई गं," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली. रडणं म्हणजे होकार, असं भाऊबहीण दोघंही धरून चालले होते.

मग सून बोलली. "आई आमच्याकडं राहिल्या तर आम्ही दोघी एकमेकींचे गळे धरू. आणि त्यांना कुठं राहायचंय ते त्यांना विचारलंय का कुणी? त्यांच्याच खोल्यांत ठेवा. मदतीला बाई ठेवू. मी रोज येऊन बघून जाईन."

"वहिनी, काळीज आहे की दगड?"

"जे आहे ते आहे," सून म्हणाली.

मी कांजीबाईकडं पाहिलं. ती छताकडं पाहत होती. ओठ घट्ट मिटलेले. वाईट वाटलं तरी तिचा चेहरा तसाच असतो, त्यामुळं मला काही कळलं नाही.

थोड्या वेळानं मुलगा आत आला. हातात कागद.

"आई, इथं खाली एक सही कर. बाकीचं मी नंतर भरतो."

"काय भरतोस?"

"अगं, खोल्यांचंच. तू बरी होईपर्यंत माझ्या हातात असलं की धावपळ वाचते."

"कागद कोरा आहे."

"म्हणून तर म्हणतोय, नंतर भरतो."

"तुझा बाप जन्मात एकच शहाणपणाचं वाक्य बोलला," कांजीबाई म्हणाली. "कोऱ्या कागदावर सही करायची नाही. बाकी त्याचं काही मी ऐकलं नाही, एवढं ऐकलं."

मुलगा हसला, कागद खिशात घातला. त्याच्या मनात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्याला काम उरकायचं होतं. पण काम उरकणं आणि काम करणं यात फरक असतो.

ती वॉकर धरून घरी आली तेव्हा मी सोबत होते. दारातच खोकी दिसली. तिची भांडी, तिच्या चादरी, नवऱ्याचा फोटो, सगळं भरून वर चिकटपट्टी. ती वॉकर ढकलत सरळ गॅलरीत गेली आणि तिथं थांबली.

दोऱ्या सोडलेल्या होत्या.

"कुणी सोडल्या?"

"खोल्या बघायला लोक येणार होते, आई. जरा मोकळं दिसावं म्हणून," मुलगा म्हणाला.

"साहेब," ती म्हणाली. चिडली की ती त्याला साहेब म्हणते. "माझ्या गोवऱ्या अजून मसणात गेल्या नाहीत. दोऱ्या बांधा."

त्यानं ऑफिसच्या कपड्यांत शिडीवर चढून दोऱ्या बांधल्या. झोळ आला. तो गेल्यावर मला त्या सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. ती वॉकर धरून खालून ओरडत होती, "डावीकडं! अगं डावीकडं! तुझा डावा तरी डावीकडं आहे ना?"

त्या आठवड्यात तिनं मला वकिलीणबाईकडं नेलं. म्हणजे रिक्षा मी आणली, जिना मी चढवला आणि वर जाऊन म्हणाली ती, "आले एकदाची मी."

झेरॉक्सच्या दुकानावर वकिलीणबाईची खोली होती. टेबलावर पंखा, त्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर गोटा. बाई तरुण होती आणि समजावून सांगणारी होती. कागद दोन लागतील, म्हणाली. एक मृत्युपत्र, तुमच्यामागं कुणाला काय द्यायचं ते. दुसरा, तुम्ही शुद्धीवर नसाल किंवा बोलता येत नसेल, तेव्हा तुमच्या वतीनं कोण बोलणार ते.

"पहिलं सोपं आहे," कांजीबाई म्हणाली. "मी आहे तोवर खोल्या माझ्या. कुणी विकायच्या नाहीत, कुणी मला हलवायचं नाही. मी गेल्यावर दोघांना निम्म्यानिम्म्या. भांडायचं असेल तर तेव्हा भांडा, मी ऐकायला नसेन."

"आणि दुसरं?"

इथं कांजीबाई अडली. मी तिला कधी अडलेली पाहिली नव्हती.

"मुलाचं नाव घालू?" वकिलीणबाईनं विचारलं. "की मुलीचं? आजी, प्रेम कोण करतं ते मी विचारत नाहीये. तुम्ही सांगून ठेवाल ते तसंच्या तसं कोण करेल, ते विचारतेय."

"हिचं घाला," मी काही म्हणायच्या आत ती माझ्याकडं बघून म्हणाली, आणि स्वतःच मान हलवली. "नको. ही माझ्याच वयाची. हिचाही कागद करायची वेळ झालीय."

"मग विचार करा आणि या," वकिलीणबाई म्हणाली.

जिना उतरताना कांजीबाई एकेक पायरी मोजल्यासारखी पाऊल टाकत होती. शेवटच्या पायरीवर थांबली. "रविवारी सगळे यायचेत. तू पण ये. मोठ्या चादरी धुऊन ठेव."

"कशाला?"

"बघायचंय कोण कसं धरतं."

हसू नका. माणूस पारखायची प्रत्येकाची रीत असते. कुणी पत्रिका बघतं, कुणी बँकेचं पुस्तक. आम्ही दोघींनी जन्मभर माणसं चादरीच्या टोकाशी पाहिलेली. मला ते अगदी सरळ वाटलं.

रविवारी चादरी गॅलरीत वाळल्या. जेवणं झाल्यावर कांजीबाई खुर्चीत ताठ बसली आणि मुलाला म्हणाली, "जरा एवढी घडी करू लाग."

त्यानं मोबाइल मान वाकडी करून खांद्यात धरला आणि चादर घेतली. "हो हो, ऐकतोय, बोला," हे फोनवर. दोन्ही टोकं त्यानं इतक्या जोरानं खेचली की तिच्या बोटांतून चादर सुटली. "झालं की!" तो म्हणाला आणि उरलेली स्वतःच गोळा करून खोक्यावर ठेवली. त्याच्या मनानं त्यानं आईचे कष्ट वाचवले होते.

मुलीनं चादर हलकेच घेतली. जवळ आली, टोकं हातात द्यायची तर चादरीसकट आईला मिठीच मारली. "किती गं हात वाळले तुझे!" चादर खाली फरशीवर. फरशी पुसलेली नव्हती. चादर मी पुन्हा धुवायला टाकली.

सून भांडी आवरून बाहेर आली, पर्स खांद्याला लावत. निघायच्या तयारीत.

"तुला वेळ आहे का?" कांजीबाईनं विचारलं. आवाज असा की 'नाही' म्हण.

"आहे."

सुनेनं पर्स खाली ठेवली, हात पुसले, टोकं घेतली. मागं गेली, चादर ताठ होईल एवढीच. ओढली नाही. झटका दोघींचा एकदम पडला. काठाला काठ आला. मग सून थांबली.

"आई, तुमचा काठ खाली आहे."

मुलानं फोन कानावरून खाली घेतला.

"माझा?" कांजीबाई म्हणाली. "माझा काठ? तू शाळेत शिट्ट्या वाजवायला लागलीस त्याच्या आधीपासून..."

"हात दमला असेल. पण खाली आहे."

मी पाहिलं. खाली होता. बोटभर. इतकी वर्षं समोर उभी राहूनही हे तिला सांगायची माझी छाती झाली नसती. कांजीबाईनं हात वर घेतला. दोघींनी घडी पुरी केली. सुनेनं ती खोक्यावर ठेवली, पर्स उचलली. "येते." आणि गेली.

तो सगळा दिवस कांजीबाई धुसफुसत होती. "मोठी आली काठ बघणारी! घरात चादरी कशा खुपसते ते पाहिलंय मी." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "ए दुसऱ्या टोका. रिक्षा आण."

वकिलीणबाईनं दोन्ही कागद छापले. दुसऱ्या कागदात सुनेचं नाव. एक साक्षीदार मी, दुसरा कोपऱ्यावरचा औषधवाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं वकिलीणबाई म्हणाली. "हिला मी जन्मात काही दिलं नाही, आता कुठून देणार?" कांजीबाईनं उत्तर दिलं. ती शुद्धीत आहे असा डॉक्टरांचा दाखलाही जोडला. कुणाला सांगायचं नाही, असं मात्र तिनं मला बजावलं. सुनेलाही नाही.

"जिचं नाव घातलंस तिलाच नाही?"

"कळेल तेव्हा कळेल."

मला ते पटलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. पण तिचा कागद, तिची मर्जी.

कागद झेरॉक्सवाल्यानं पाकिटात बसावेत म्हणून आडवे-उभे दुमडून दिले होते. घरी आल्यावर कांजीबाईनं ते उलगडले आणि टेबलावर ठेवले. घड्या वाकड्या पडलेल्या. एक कोपरा मुडपलेला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. बाहेर आले तर टेबलावर इस्त्री तापलेली, कागदावर पांढरं फडकं आणि बाई त्यावर बेतानं इस्त्री फिरवतेय. चेहऱ्यावर समाधान.

"अगं काय करतेस!"

"असला चुरगळलेला कागद मी माझ्यामागं ठेवून जाऊ? लोक काय म्हणतील?"

फडकं उचललं तर छापलेली अक्षरं निम्मीअधिक फडक्याला चिकटून वर आली होती. छपाईची ती शाई उष्णतेनं सुटते, हे आम्हा दोघींना काय ठाऊक? दोन्ही कागदांची तीच दशा. वर सगळं पुसट, मध्ये मध्ये पांढरे डाग, आणि तळाशी पेननं केलेल्या आमच्या सह्या मात्र ठणठणीत.

कांजीबाईनं दोन्ही कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरले. "मी कोऱ्या कागदावर सही केली," ती म्हणाली.

मला इतकं हसू आलं की चहा उतू गेला. ती हसली नाही. मग तीही हसली. वॉकर हलेपर्यंत हसली.

वकिलीणबाईला फोन केला. "आधी ते फाडा!" ती ओरडली. "सह्या केलेला कोरा कागद घरात ठेवताय! मी दुसरे छापते, पण सह्या सगळ्यांना पुन्हा कराव्या लागतील." कांजीबाईनं ते फाडून गॅसवर जाळले, फडक्यासकट.

औषधवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं. तो मुलाचा शाळेतला मित्र. पहिल्यांदा तो गप्प राहिला होता. दुसऱ्यांदा बोलावल्यावर त्याला काळजी वाटली, म्हणून त्यानं मुलाला विचारलं, "अरे, काकूंचं मृत्युपत्र पुन्हा का करतायत? काही झालंय का?"

बस. त्याच संध्याकाळी मुलगा आला. बायकोला घेऊन. बहिणीला फोनवर ठेवून.

"आई, आमच्यापासून चोरून वकील? आम्ही काय दरोडेखोर आहोत?"

मला वाटलं, आता ही सारवासारव करणार. कांजीबाई उभी राहिली. वॉकर बाजूला ढकलला आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "चोरून करायला नको होतं. माझंच आहे, मी का लपवू? बसा सगळे. फोन टेबलावर ठेव, तिलाही ऐकू दे. या खोल्या मी आहे तोवर माझ्या. मी इथंच राहणार. मी पुन्हा पडेन, तेव्हा पडेन. डॉक्टर म्हणाले ही उठेल, तर मला उठवा. म्हणाले उठणार नाही, तर नळ्यांना टांगून ठेवू नका, घरी आणा, खिडकीजवळ ठेवा. आणि मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं ही बोलेल." तिनं बोट दाखवलं.

सुनेनं मागं वळून पाहिलं, तिथं भिंत होती.

"ही?" मुलगा म्हणाला. "मी सोडून परकी?"

"परकी कशी? तूच आणलीस."

"आई," फोनमधून मुलगी, "मी का नाही? मी रडते म्हणून?"

"हो," कांजीबाई म्हणाली. "तू रडतेस म्हणून. ज्याला रडायचंय त्याच्या हातात निर्णय द्यायचा नसतो, बाळा. मी गेल्यावर रडायला कुणीतरी लागेल. ते काम तुझं. ते हिला जमणार नाही."

फोनमधून रडणं आलं, आणि त्यात थोडं हसूही.

"आणि मी?" मुलगा.

"तू ओढतोस."

"म्हणजे काय?"

"तुझ्या बायकोला विचार."

बायको मात्र वेगळ्याच तिरीमिरीत होती. "थांबा जरा. मला कुणी विचारलंय का? माझं नाव घालून मोकळ्या! उद्या मी 'बंद करा' म्हटलं तर सगळं गाव म्हणेल, सुनेनं सासूला मारलं. आणि 'चालू ठेवा' म्हटलं तर म्हणेल, हाल केले. मला नको हे."

आता खरी गोष्ट टांगणीला लागली होती. कागद परत छापता येतो. माणूस नाही म्हणाला तर काय छापणार? कांजीबाईच्या तोंडाकडं मी बघत होते. जन्मभर तिनं कुणाला विनवलं नव्हतं. तेव्हाही विनवलं नाही.

"लोक म्हणतीलच," ती म्हणाली. "मला काय कमी म्हणाले? जवान विधवा, रात्री घरी येते, पोरं टाकून कामाला जाते. म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. तू भितेस?"

"मी? लोकांना?"

"मग?"

सून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"माझ्या अटी आहेत," ती म्हणाली. "एक, मला सगळं आत्ता सांगायचं, सगळ्यांसमोर, आडपडदा नाही. मला पटलं नाही तर मी तोंडावर सांगणार. पण एकदा ठरलं की तुम्ही म्हणाल तसंच करणार. माझ्या मनाचं नाही, यांच्या मनाचं नाही. आणि मी तुमचे लाड करणार नाही."

"लाड मागितले कुणी?"

"आणि त्या कागदाला इस्त्री करायची नाही."

हे तिला कसं कळलं? माझ्याकडून. मीच सांगितलं, आल्या आल्या, दारातच. पोटात राहत नव्हतं. कांजीबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सह्या झाल्या. मुलगा तोंड फुगवून का होईना, पण स्वतः गाडीतून घेऊन गेला. सुनेनं कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवले आणि स्वतःच्या कपाटात नेले. "तुमच्या हाती लागायला नकोत," म्हणाली.

त्यानंतर कांजीबाई छान राहिली. मदतीला बाई होती, तिच्याशी रोज भांडण, म्हणजे तब्येत बरी. सून रोज शाळा सुटल्यावर यायची. दहा मिनिटं उभ्यानं. दोघी एकमेकींच्या चुका काढायच्या आणि मग सून जायची.

मग एका सकाळी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात धोका टळला, पण पुढं काय, तर मुलगा म्हणाला, "घरी कोण बघणार? एक चांगली संस्था आहे, चोवीस तास नर्स. तिथं ठेवू." त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. मुलगी म्हणाली, "इथंच राहू दे, डॉक्टर जवळ आहेत." तीही घाबरलेली.

सुनेनं पिशवीतून कागद काढला. डॉक्टरांना विचारलं, "या उठतील?"

"चालतील असं सांगता येत नाही. बसतील. थोडं बोलतील कदाचित. घरी न्यायला हरकत नाही, पण मेहनत आहे."

"मग घरी."

"अगं, विचार तरी कर!" मुलगा म्हणाला. "तू माझी बायको आहेस की तिची वकील?"

"इथं त्यांची वकील. घरी गेल्यावर तुझी बायको. तेव्हा काय बोलायचं ते बोल."

त्यानं मोबाइल काढला. मग म्हणाला, "ॲम्ब्युलन्सला फोन करतो." एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

मी आधी जाऊन खोली तयार केली होती. खाट खिडकीजवळ ओढली. कांजीबाईला आणलं, निजवलं. तिचं तोंड एका बाजूला वळलेलं, पण डोळे तसेच. डोळे खोलीभर फिरले. टेबल, इस्त्री, गॅलरीतल्या दोऱ्या. दोऱ्यांवर जरा जास्त वेळ थांबले. ताठ होत्या. मी सकाळीच पाहिल्या होत्या.

"वरची चादर बदलू," सून म्हणाली. ती उलट्या बाजूला गेली, मी या बाजूनं टोक धरायला वाकले. तेवढ्यात कांजीबाईचा डावा हात वर आला आणि माझ्या हातातलं टोक तिनं घेतलं. बोटांत जोर होता. माझ्या हातांवर एक चापटही मारली, सरक म्हणून.

सून थांबली. मग चादर ताठ होईल एवढीच मागं सरली.

कांजीबाईच्या तोंडातून काहीतरी आलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं.

"खा...ली."

"माझा नाही," सून म्हणाली. "तुमचा खाली आहे."

"तु...झा."

"तुमचा. डाव्या हाताची सवय नाही तुम्हाला."

दोघी तशाच राहिल्या, चादर मधे, एकही हटेना. ओढत नव्हत्या, सोडतही नव्हत्या. मी मधे पडले नाही. धुवायच्या चादरींची बादली उचलून गॅलरीत गेले. ओल्या चादरींचा गाडाही पूर्वी मलाच ढकलावा लागायचा.